म्हशीचं कडवं

रहिमाबी गेल्याचं कळलं तेव्हा हट्टा गावातल्या निम्म्या बायकांनी म्हणे आधी आपापल्या हातातल्या बांगड्या बघितल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. मीही लावला. पण माझ्या रडण्यात थोडा हेवा मिसळलेला होता, आणि तो लपवायचं आता माझं वय राहिलेलं नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी तिच्या जिवंतपणीही पोटभर केला, तेव्हा सवय मोडायला वेळ लागेल.

रहिमाबी आमच्या गावची मणेरीण, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरणारी. तिची आई मणेरीण, आजी मणेरीण. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. बुटकी, काटक, सुती पातळाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, दात मिशरीनं काळे. डोक्यावर वेताची टोपली, तिच्यावर फडकं, फडक्याखाली दोऱ्यांत ओवलेल्या काचेच्या बांगड्या. दारात आली की हाक मारायची नाही. टोपली जोत्यावर टेकवायची, बस. त्या आवाजानं चुलीपुढची बाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर यायची.

तिचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यापासून लोक तिची उगाच कोकिळा करायला लागलेत. गच्चीवरून शेजारणीला हाक मारावी तसा तो आवाज होता, थोडा फाटका. शिवाय तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी वसमतला एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शाळेसाठी मी एक स्वागतगीत लिहिलं होतं, चांगलं वृत्तात बसवून. पाहुणे आले की मुली ते म्हणायच्या आणि पाहुणे गेले की विसरायच्या. आणि या निरक्षर बाईचं गाणं हट्ट्याच्या लेकींनी नांदेडला नेलं, परभणीला नेलं, पुण्याला नेलं. का जळू नये माणसानं?

त्या गाण्याचं मूळ तिच्या धंद्यात होतं. काचेची बांगडी बोटांवरून सहज जाते. अडते ती अंगठ्याच्या मुळाशी, गाठीवर. तिथं दुखतं. बाई ओरडते, हात आखडून घेते आणि बांगडी वाढते. आमच्याकडं बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. रहिमाबी बरोबर त्या क्षणाला गाणं काढायची. ‘हात माज्याकडं दे, ध्यान गान्याकडं दे,’ असं म्हणायची, आणि समोरच्या बाईच्या लहानपणच्या एखाद्या खोडीचं कडवं सुरू करायची. बाई खुदकन हसायची. हसली की हात सैल. बांगडी कधी मनगटात आली तिला कळायचं नाही.

‘हासनाऱ्या बाईचा हात लोन्यावानी व्हतो,’ असं रहिमाबीचं म्हणणं. ‘रडनाऱ्या बाईचा हात लाकूड. लाकडाला बांगडी भरता येत न्हाई.’

ध्रुपद सगळ्यांना एकच होतं:

कुठं गेलं ते वय बाई, कुठं गेली ती वाट,
परकराच्या ओच्यामंदी चिंचा तीनशे साठ.

आणि त्याच्यापुढं ज्या बाईचा हात हातात असेल तिचं कडवं. लपंडावात कणगीत लपून झोपलेली रुक्मिण, जिला सगळं गाव विहिरीत शोधत होतं. पंचमीच्या झोक्यावरून उडी मारून पाटलांच्या कढीच्या पातेल्यात पाय घालणारी कडूबाई. दोन बोकडांची झुंज लावून स्वतःच मधे सापडलेली तांड्यावरची शेवंता. आज या सगळ्या नातवंडांच्या आज्या आहेत. गुडघे धरून चालतात. पण पंचमीला माहेरी आल्या की पहिला प्रश्न, ‘रहिमाबी आली का?’ आणि ती आली की साठीच्या बाया लहान पोरींसारख्या हात पुढं करून भांडायच्या, ‘आधी माझं म्हण, आधी माझं.’

माझं कडवं नव्हतं.

हेडमास्तरांची लेक होते मी. माझे वडील गावच्या शाळेत हेडमास्तर. मास्तरांची लेक गल्लीत हुंदडताना दिसता कामा नये, असा घरात नियम. त्या नियमानं मी शिकले, नोकरीला लागले, हे मला कळतं. तक्रार करायला जागा नाही. पण म्हणून मला चिंचा कधी मिळाल्या नाहीत, हेही खरंच. त्या गाण्यातलं गाव माझं, गल्ली माझी, वर्षंसुद्धा माझीच. फक्त लहानपण माझं नाही. माझा हात हातात घेतला की रहिमाबी नुसतं ध्रुपद म्हणायची, दोनदा. पुढं काही नाही. त्यामुळं मला बांगड्या भरताना कायम दुखलं.

कडव्याच्या बाबतीत ती भलती कडक होती. कडवं लग्नाच्या आधीचंच. दुःखाचं नको, खोडीचंच. आणि तिनं स्वतः पाहिलेलं, नाहीतर दोघी-तिघींकडून खात्री केलेलं. एकदा गावच्या सरपंचबाईंनी फार गळ घातली. त्या सून म्हणून गावात आलेल्या, माहेर औंढ्याकडचं. त्यांना वाटायचं, आपण गावच्या सरपंच आणि आपलं कडवं नाही म्हणजे काय! लुगडं देऊ केलं. रहिमाबीनं त्यांच्या हातात शांतपणे बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, ‘तुमच्या गावच्या मनेरनीला इचारा, बाई. तुमी ल्हान व्हत्या तवा म्या तुमाला पाह्यलं न्हाई. न पाह्यलेलं कसं म्हनू?’

सरपंचबाई महिनाभर फुगून होत्या. मला मात्र तेवढा महिना बरं वाटलं.

तिला हात वाचता यायचे, आणि ते ज्योतिष्यासारखे नव्हे. हळद शिजवायच्या कामावर कोण जाते, कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या अंगावर सूज आहे, हे तिला बोटांवरून कळायचं. प्रत्येकीचं माप तिच्या डोक्यात. आमच्या गल्लीतली एक लेक लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पंचमीला आली. छान साडी, गळाभर दागिने, सगळ्यांशी हसून बोलत होती. वसमतच्या शाळेत मीच तिला शिकवलेलं. अर्धा तास मी तिच्याशी गप्पा मारल्या आणि मनात म्हटलं, पोरगी सुखात आहे. रहिमाबीनं तिचा हात धरला, अडीचची बांगडी घातली, ती सैल फिरली. मग सव्वादोनची घातली. ती बसली. रहिमाबीनं कडवं म्हटलं, पोरीला हसवलं, दोन्ही हात भरले आणि उठताना तिच्या आईला परसात बोलावून सांगितलं, ‘एका वर्सात लेकीचं माप उतरलं. पंचमी झाली तरी धाडू नका. आदी कोनाला तरी जाऊन बघून येऊ द्या.’ बघून आले तेव्हा जे कळलं त्यानंतर ती पोरगी परत गेली नाही. आता वसमतला शिवणकामाचं दुकान चालवते, चांगली गुटगुटीत झालीय. मी शिकलेली बाई, तोंड बघून फसले. ही हात धरून बसली आणि तिला कळलं. त्या दिवशीचा हेवा अजून माझ्या पोटात आहे.

आता कमळची गोष्ट सांगायला हवी. कारण मी जे केलं ते तिच्या बाबतीत केलं.

कमळ माझ्या वर्गातली, दोन घरं सोडून राहणारी. रहिमाबीच्या गाण्यातलं सगळ्यात गाजलेलं कडवं तिचं. आम्ही तिसरीत असताना ती एकदा शाळेत उशिरा आली ती म्हशीवर बसून. म्हैस सरळ वर्गाच्या दारात. माझे वडील फळ्यापाशी, हातात छडी. मी पहिल्या रांगेत. म्हशीनं दारातून डोकं आत घातलं आणि वडिलांच्या टेबलावरची फुलं खायला सुरुवात केली. पुढचं कडव्यातच ऐकावं:

मास्तरांच्या शाळंमंदी म्हैस आली दारी,
म्हशीच्या गं पाठीवर कमळची सवारी.
मास्तर म्हने, उतर खाली. कमळ म्हने, बरं,
म्हशीचंबी नाव घाला, मंग उतरते खरं!

माझे वडील आयुष्यात कधी मुलांसमोर हसले नाहीत. त्या दिवशी ते फळ्याकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांची लेक. मला त्यांना असं कधी हसवता आलं नाही.

मागच्या पंचमीची गोष्ट. भावाच्या अंगणात आम्ही सात-आठ माहेरवाशिणी जमलो होतो. माझी सून ऋतुजा पुण्याहून आली होती, तिला मी मुद्दाम हट्ट्याला नेलं. तिला या सगळ्याचं फार कौतुक. मोबाईल धरून ती चित्रण करत होती. कणगी झाली, कढी झाली, बोकड झाले. मग रहिमाबीनं माझा हात घेतला आणि ऋतुजानं विचारलं, ‘आई, तुमचं कडवं कोणतं?’

आता खरं बोलायला काय हरकत होती? मला नाही म्हणून सांगायचं. पण सून समोर, मोबाईल समोर, सगळ्याजणी हसून लाल झालेल्या. कमळ आली नव्हती. तिला आदल्या वर्षी झटका आला होता, ती नांदेडला मुलाकडं असायची. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ते म्हशीचं. ते माझंच आहे.’

भावजय स्वयंपाकघरात होती. बाकीच्या बहुतेक आमच्याहून लहान, मला ‘बाई’ म्हणणाऱ्या. ज्यांना माहीत होतं त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. रहिमाबीचा हात थांबला. बांगडी माझ्या अंगठ्याच्या गाठीवर अडलेली. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग खाली हाताकडं, आणि म्हणायला लागली, ‘म्हशीच्या गं पाठीवर सुमनची सवारी…’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजा म्हणाली, ‘आई, तुम्ही? आजोबांच्या वर्गात?’ आणि मी हसले. चांगली खळखळून हसले. दुसरा हात पुढं केला तेव्हा कळलं, पहिल्या हातात पूर्ण डझन भरून झाला होता आणि मला काही जाणवलंच नव्हतं.

ऋतुजानं ते चित्रण आमच्या माहेरवाशिणींच्या ग्रुपवर टाकलं. मी तिला अडवलं नाही.

आठ दिवसांनी कमळचा फोन आला. झटक्यापासून तिचं बोलणं जरा जड झालंय, शब्द शोधत बोलते.

‘सुमे, त्या म्हशीवर तू व्हतीस का गं?’

मी म्हटलं, ‘काय झालं?’

‘न्हाई, मला तर मीच वाटत व्हते. पर रहिमाबीनं तुजं नाव घेतलं. रहिमाबी चुकत न्हाई. माजंच डोस्कं बराबर न्हाई आता.’ मग म्हणाली, ‘डाक्टर म्हनले, रोज सकाळी उठून जुनं काईतरी आठवत जा. मी म्हैस आठवत व्हते. तिची पाठ कशी गरम लागली, गुरुजींचं तोंड कसं झालं, समदं. आता ते माजं न्हाईच म्हनल्यावर मी काय आठवून राहिले व्हते, कोनास ठाव.’

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी काय बोलले? ‘असेल बाई. किती वर्षं झाली, आता कुणाला आठवतंय!’ आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. एकतीस वर्षं मी मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. ज्या बाईकडं मोजून एक आठवण शाबूत होती, तिची ती मी उचलून नेली, आणि वर तिला सांगितलं की जाऊ दे, कुणाला आठवतंय.

हे रहिमाबीला सांगायला मला दोन महिने लागले. दिवाळी जवळ आली तशी एक दिवस सकाळची एसटी धरून मी हट्ट्याला गेले. भावाकडं न जाता सरळ तिच्या घरी. ती ओसरीवर गोधडी पसरून मापांप्रमाणं बांगड्या लावत बसली होती. मला बघून सरकली, जागा केली.

‘ये. मला वाटलं पितरपाटाच्या आदी येशील. लई दिस लावलेस.’

मी सगळं सांगितलं. कमळचा फोन, सकाळी म्हैस आठवणं, मी काय बोलले ते. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. ‘या अल्ला,’ एवढंच म्हणाली. कमळ असं धरून बसेल हे तिलाही वाटलं नव्हतं.

मग मला राग आला. स्वतःचा राग होता, पण निघाला तिच्यावर. मी म्हटलं, ‘तुला माहीत होतं ना? मग म्हटलंस कशाला? सरपंचबाईनं लुगडं देऊ केलं तरी तिला नाही म्हणालीस. मला तोंडावर सांगायचं, सुमन, हे तुझं नाही.’

ती म्हणाली, ‘बांगडी गाठीवर आडली व्हती. तवा न्हाई म्हनले असते तर तू हात आखडला असता. बांगडी वाढली असती, मनगटात काच गेली असती. म्या बांगडी भरनारी हाय, सुमन. हात आदी सांबाळते, खरंखोटं मागून.’ आणि पुन्हा बांगड्या लावायला घेत, ‘आन इतक्या वर्सांत पहिल्यांदा तुजा हात ढिला लागला. मला बी मोह झाला.’

इतकी वर्षं साठलेलं बाहेर पडलंच. म्हटलं, ‘मग माझं एक कडवं केलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझंच काहून नाही?’ शहरात मी ‘का’ म्हणते, ‘काहून’ नाही. तिच्या ओसरीवर आपोआप आलं.

‘तू काय केलंस, सांग. म्हनते.’

मी आठवू लागले. मनात सगळं लहानपण धुंडाळलं. पाढे, शुद्धलेखन, आईच्या हाताखाली भाजी निवडणं. एक वाटीसुद्धा सांडलेली आठवेना.

‘माजं तरी कुटं हाय?’ रहिमाबी बांगड्या लावता लावता म्हणाली. ‘तुमी अंगनात खेळत व्हत्या तवा म्या आईमागं टोपली घेऊन उभी. आई मापं सांगायची, म्या दोरा सोडायची. चिंच कशी पाडत्यात ते म्या बगितलंय निस्तं.’

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. पण मी मूळची अशी, की लगेच म्हणाले, ‘तुला बघायला तरी मिळालं. मला तेही नाही.’

ती मोठ्यानं हसली. मिशरीचे दात दिसले. ‘लई खोडील हायेस तू आतून. मला वाटलं व्हतं मास्तराची लेक म्हंजी थंड पानी.’

मी विचारलं, आता कमळचं काय करायचं? मी फोन करून सांगू का?

‘फोनवर न्हाई. फोनवर तू पुन्ना घसरशील. अंगनात नेलीस, अंगनात दे. भाऊबीजेला तिला बोलीव. म्या म्हनते तिच्या नावानं, समद्यांपुडं.’ आणि बांगड्यांकडंच बघत म्हणाली, ‘पर मंग तुजंबी म्हनीन. चालंल?’

‘माझं? आत्ता तर म्हणालीस मी काही केलं नाही.’

‘तवा केलं न्हाईस. आता केलंस की.’

‘ते लग्नाच्या आधीचं असतं ना?’

‘येळ चुकली तुजी. खोडी तर खोडीच.’ शब्द काय असतील ते तिनं सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, अजून जुळवून राहिले, जा आता, एसटी चुकल.

भाऊबीजेपर्यंतचे पंधरा दिवस मी ते कडवं मनात हजार प्रकारे करून पाहिलं. एकही चांगलं नव्हतं. सगळ्यांत मी चोर होते.

कमळला तिच्या मुलानं गाडीनं आणलं. डावा हात लुळा, तोंड किंचित वाकडं, पण नवी साडी नेसली होती. अंगणात खुर्चीवर बसवली. माझ्याकडं बघून हसली, अगदी नेहमीसारखी, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं. ऋतुजाही आली होती. भावजय, रुक्मिण, कडूबाई, शेवंता, गल्लीतल्या सुना, सगळ्या जमल्या. रहिमाबीनं आल्याबरोबर कमळच्या पायाशी बसकण मारली आणि तिचा लुळा हात मांडीवर घेतला. तो हात इतका सैल होता की त्याला गाण्याची गरज नव्हती. तरी तिनं गाणं म्हटलं. ध्रुपद, आणि मग, ‘म्हशीच्या गं पाठीवर कमळची सवारी.’

पंचमीला जे ऐकलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं. ऋतुजानं मोबाईल जरा खाली केला आणि माझ्याकडं पाहिलं. कमळचे ओठ कडव्याबरोबर हलत होते. ‘मंग उतरते खरं’ तिनं स्वतः म्हटलं, जड जिभेनं, शेवटपर्यंत.

‘मीच व्हते ना?’ तिनं विचारलं.

‘तूच व्हतीस,’ रहिमाबी म्हणाली. ‘माप सांगते ना म्या, तुजंच हाय.’ मग ती तशीच माझ्याकडं सरकली. माझा हात हातात घेतला. हिरवी बांगडी चार बोटांवरून आणली आणि गाठीपाशी थांबवली. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘म्हनू?’

नको म्हणता आलं असतं. तिनं ऐकलंही असतं, ते मला आजही पक्कं ठाऊक आहे. सून समोर होती, जिला मी दोन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं की आमच्या घरात खोटं चालत नाही. भाऊ दारात उभा होता. मी कमळकडं पाहिलं. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

‘म्हण,’ मी म्हटलं.

साठ वर्सं शानी ऱ्हाली मास्तराची लेक,
साठीमंदी चोरी केली, चोरी केली एक.
सोनं न्हाई, नानं न्हाई, न्हाई दुधाची साय,
कमळीच्या गं गान्यातली म्हैस नेली, बाय!

कुणी हसेना. ऋतुजा जमिनीकडं बघत होती. मग खुर्चीतून एक विचित्र आवाज आला, घोगरा, तुटक. मला वाटलं कमळला पुन्हा काही झालं. तिचा मुलगा धावला. पण ती हसत होती. वाकडं तोंड आणखी वाकडं करून, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. चांगल्या हातानं माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘सुमे! चोरटे! दे माजी म्हैस!’

मग अंगणात हशा फुटला. कडूबाई हसता हसता जोत्यावर बसली. शेवंतानं मला पाठीत धपका घातला. इतक्या वर्षांत मला कुणी धपका घातला नव्हता. सगळ्याजणी मला ‘बाई’ म्हणतात. मी कमळजवळ गेले, तिच्या गुडघ्याशी वाकले आणि म्हटलं, ‘चुकलं माझं. फोनवरही खोटं बोलले.’ ती म्हणाली, ‘फुलं खाल्ली व्हती ना गं तिनं, गुरुजींची?’ मी म्हटलं, ‘खाल्ली. सगळी. मी पहिल्या रांगेत होते, मी बघितलं.’ तिला तेवढंच हवं होतं.

ऋतुजानं हळूच विचारलं, ‘आई, हे ग्रुपवर टाकू का?’

‘टाक,’ मी म्हटलं. ‘आणि मागचं काढून टाक.’

बांगड्या भरून झाल्यावर बायका मणेरणीला वाकून नमस्कार करतात. मी केला. रहिमाबीनं पाठीवर हात ठेवला, ‘दुखलं का?’ असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टोपली उचलली. तिला अजून सहा घरं करायची होती. संक्रांतीच्या आत ती गेली, झोपेतच, फार तकलीफ न होता. मी मधे हट्ट्याला गेले नाही, त्यामुळं मला ती शेवटची दिसली ती त्या भाऊबीजेलाच.

आमच्याकडून उठून ती शेजारच्या अंगणात जाऊन बसली. मी काही काम नसताना कुंपणापर्यंत गेले. तिची माझ्याकडं पाठ होती, मान कुणाच्या तरी हातावर वाकलेली. त्या घरात नवी सून होती, गावाबाहेरची, तिचं कडवं असण्याचा प्रश्न नव्हता. रहिमाबीनं ध्रुपद म्हटलं आणि तिला हसवायला दुसऱ्यांची कडवी काढली. मी कान देऊन उभी राहिले. तिनं माझं म्हटलं. सगळं, चारही ओळी, एक शब्द न बदलता, आणि ती अनोळखी पोरगी खळखळून हसली.

पण त्याच्याआधी कमळचं म्हटलं. पहिलं कमळचंच.